फिल्मची पहिली दोन मिनिटं: सोलापुरात बसून साउंडट्रॅक कसा करायचा

स्टुडंट फिल्मचं संगीत बहुतेक वेळा सबमिशनच्या आदल्या रात्री होतं. एडिट कसंबसं संपलेलं असतं, सगळे पेंगत असतात, आणि कुणीतरी नेटवर ‘सॅड पियानो’ शोधून पहिलं बरं वाटलेलं संगीत टाइमलाइनवर ओढतं. शूट साखर पेठेतलं असो नाहीतर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतलं, डोळे मिटून ऐकलं तर फिल्म कुठली आहे ते कळत नाही.

तेव्हा माझा आग्रह एकच असतो: चाल सगळ्यात शेवटी. आधी त्या जागेचा आवाज गोळा करा, मग कुठे गप्प बसायचं ते ठरवा, आणि एवढं करून जी जागा उरेल तिथेच संगीत बसवा. सुरुवातीच्या दीड-दोन मिनिटांत प्रेक्षकाला दोनच गोष्टी कळायला हव्या असतात, आपण कुठे आहोत आणि कुणाच्या मागे जायचं आहे. पहिलं काम आवाज चित्रापेक्षा लवकर करतो.

समजावायला एक कल्पित सुरुवात घेऊ. लांबी १ मिनिट ५० सेकंद. पहिले ८ सेकंद पडदा काळा. मग सोलापूरच्या पूर्व भागातली, मागवाल्यांच्या वस्तीतली गल्ली, पहाट, रात्रपाळी करून बाप यंत्रमागाच्या कारखान्यातून बाहेर येतो. २६व्या सेकंदाला घर: आई सूप मांडीवर घेऊन बिडीचं पान कापतेय, मुलगी दप्तर आवरतेय. ४८व्या सेकंदाला काळ्यावर फिल्मचं नाव. ५४पासून मुलगी सायकलवर, कन्ना चौकातून पुढे सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला. १:५०ला पहिला संवाद. तुमची गोष्ट वेगळी असेल, पण कामाचा क्रम हाच राहील.

पिक्चर लॉक झाल्याशिवाय हात लावू नका

आवाजावर काम सुरू झालं की एडिट बदलायचं नाही. एका शॉटमधून दहा फ्रेम कापल्या तरी पुढचा प्रत्येक ठोका दहा फ्रेम सरकतो. दिग्दर्शक मित्र असला तर हे सांगणं अवघड जातं, म्हणून ग्रुपवर लेखी घ्या: ‘ओपनिंग लॉक’.

लॉक झाल्यावर एडिटरकडून एक हलकी व्हिडिओ फाइल मागा. तीवर कोपऱ्यात टाइमकोड, म्हणजे मिनिट-सेकंद-फ्रेमचा धावता आकडा, छापलेला हवा. फ्रेम रेट विचारून लिहून ठेवा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे २५ फ्रेमवर शूट केलं तर ट्यूबलाइट लुकलुकण्याचा त्रास कमी होतो, तरी मोबाइलवर शूट करणारे सर्रास ३० ठेवतात. हरकत नाही, फक्त सगळ्यांचं एकच असू द्या. ऑडिओचं सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. गाण्यांच्या सीडीचं ४४.१ इथे नको. व्हिडिओची पद्धत ४८ची आहे.

आणखी एक जुनी, बिनखर्चाची युक्ती. चित्राच्या पहिल्या फ्रेमच्या बरोबर दोन सेकंद आधी एका फ्रेमपुरता १००० हर्ट्झचा ‘पीप’ टाकायला सांगा. तुम्हीही आपल्या ऑडिओ फाइलमध्ये त्याच जागी तो ठेवा. परत देताना एडिटरने पीपवर पीप बसवला की सिंक जुळला. ‘तुझा आवाज पुढे गेलाय’, ‘नाही, तुझंच चित्र मागे आहे’ ही भांडणं मिटतात.

सॉफ्टवेअरवर फार वेळ घालवू नका. डाविंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत फेअरलाइट नावाचं आवाजाचं पूर्ण दालन आहे आणि एडिटही तिथेच असेल तर उत्तम. कॉम्प्युटर जुना असला तर रीपर घ्या. ते हलकं आहे आणि ६० दिवस वापरून बघता येतं. ऑडॅसिटी साफसफाईला छान, पण त्यात चित्र दिसत नाही, त्यामुळे चित्रावर ठोके बसवायला ते कामाचं नाही.

आधी मुकं बघा

व्हिडिओचा आवाज बंद करून सुरुवात तीन-चारदा बघा. सोबत दिग्दर्शक हवाच. हातात वही घ्या आणि दोन वेगळी पानं करा. एका पानावर ‘काय ऐकू आलं पाहिजे’, दुसऱ्यावर ‘काय वाटलं पाहिजे’. पहिल्या पानावरचं सगळं रेकॉर्डिंगने मिळतं. दुसऱ्या पानावरचं जे पहिल्याने भागत नाही, तेवढंच संगीताचं काम.

आपल्या उदाहरणात पहिलं पान भरगच्च होतं: लांबून ऐकू येणारे माग, जवळचा माग, शटर ओढल्याचा आवाज, पाण्याच्या टाकीचा नळ, कात्री, ओल्या पानाची सळसळ, दप्तराची चेन, सायकलची साखळी, तलावाकाठचे पक्षी. दुसऱ्या पानावर फार तर दोन ओळी येतात: ‘घरात थकवा, पण दुःख नाही’ आणि ‘सायकलवर बसली की ती मोकळी होते’. पहिल्या ओळीला संगीत लागतच नाही. मागाचा न थांबणारा आवाज आणि आईची कात्री ते सांगतात. संगीत लागतं ते फक्त सायकलला.

याच बैठकीत ठरवा की आवाज गोष्टीतल्या माणसांना ऐकू येतोय की फक्त प्रेक्षकाला. बापाच्या खिशातल्या मोबाइलवर भक्तिगीत वाजतंय का? मग तो छोट्या स्पीकरचा, कातरा आवाज हवा. स्टुडिओतलं स्वच्छ गाणं तिथे टाकलं तर प्रेक्षक गोंधळतो.

दिग्दर्शकाने एडिट करताना एखादं आवडतं पार्श्वसंगीत तात्पुरतं लावलेलं असेल तर ते या बैठकीआधी काढायला लावा. महिनाभर तेच ऐकल्यावर त्याला दुसरं काही आवडत नाही, आणि तुम्हाला नकळत त्याची नक्कल करावी लागते.

गल्लीत उतरा: रेकॉर्डिंग

रेकॉर्डर असेल तर उत्तम, नसेल तर मोबाइल पुरतो. पण मोबाइल बोलणं टिपायला बनवलेला असतो. तो आपल्या मनाने आवाज लहान-मोठा करतो आणि मागचा आवाज ‘गोंगाट’ समजून पुसतो. तुम्हाला नेमका तो गोंगाटच हवा असतो. म्हणून अँड्रॉइडवर असं अ‍ॅप घ्या ज्यात वेव्ह फॉरमॅट, ४८ किलोहर्ट्झ निवडता येतं आणि ऑटो गेन बंद करता येतो. आयफोनच्या व्हॉइस मेमोजमध्ये सेटिंगला जाऊन गुणवत्ता ‘लॉसलेस’ करा. फोन एअरप्लेन मोडवर. वारा असला तर माइकच्या तोंडाशी टेरी टॉवेलचा तुकडा सैल गुंडाळा. सोलापुरात तो कुणाच्याही घरात सापडेल. आवाजाची सुई उणे १२ डेसिबलच्या आसपास नाचू द्या, शून्याला टेकली की तो भाग गेला.

मागाचं रेकॉर्डिंग मात्र सवडीने करा, कारण सगळी सुरुवात त्यावर उभी आहे.

कारखानदाराला आधी विचारा. कशासाठी हवंय ते सांगा आणि कामगारांचं बोलणं फिल्ममध्ये वापरणार नाही हेही सांगा. आत शिरल्यावर पहिली गोष्ट कळते ती ही की तिथे शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर असतो. कानात कापूस नव्हे, मेडिकलमध्ये मिळणारे इअरप्लग घाला. फोनचा माइक इतका आवाज पेलत नाही. मागाजवळ धरलात तर नुसता चरचराट मिळेल. तीन ठिकाणांहून घ्या: दाराच्या उंबऱ्यावरून, गल्लीच्या तोंडावरून, आणि शेजारच्या घरात खिडकी लावून. तिसरं रेकॉर्डिंग सगळ्यात मोलाचं. माणसं ज्या आवाजात झोपतात, भाकरी खातात, अभ्यास करतात तो हाच, भिंतीतून गाळून आलेला, वरची धार गेलेला.

आता उंबऱ्याजवळच्या एका मागाकडे नीट कान द्या. आडवं सूत नेणारा धोटा डावीकडून उजवीकडे फेकला जातो, पेटीत आदळतो, मग फणी पुढे येऊन सूत ठोकते. लगेच धोटा उजवीकडून परत. तुम्ही एका टोकाला उभे असाल तर तुमच्या बाजूचा ठोका जोरात आणि पलीकडचा हलका ऐकू येतो. खट्-खुट्, खट्-खुट्. मध्यभागी उभे राहिलात तर दोन्ही सारखे होतात आणि ठेका सपाट होतो. एका टोकालाच उभे राहा. जोर-हलका असा दोन मात्रांचा ठेका आयता मिळतो आणि पुढे संगीत बसवायला तोच उपयोगी पडतो.

एकच माग चालू असलेलं रेकॉर्डिंग मिळालं तर पाहाच. पाळी बदलताना किंवा बीम (उभ्या सुताचा रूळ) चढवताना बाकीचे माग बंद असतात, ती वेळ विचारून ठेवा. आणि वीज गेली तर रेकॉर्डर बंद करू नका! मोटर सुटली की माग दोन-तीन ठोके मंदावत जातो आणि थांबतो. सगळी गल्ली एकदम मोकळी होते. हा आवाज पुढे आपल्याला लागणार आहे. वीज जाण्याची वाट बघत बसायचं नसेल तर मागवाल्याला विनंती करा, तो बटण दाबून थांबवून दाखवेल.

प्रत्येक जागेचं निदान दोन मिनिटं सलग घ्या. सुरुवातीला स्वतःच्या तोंडाने सांगा: ‘पहाट, गल्ली, माग लांबून.’ घरी आल्यावर ‘रेकॉर्डिंग २७’ नावाच्या फायलींतून शोधणं नको होतं. ज्या घरात शूट केलं तिथे सगळ्यांना एक मिनिट गप्प बसवून रिकाम्या खोलीचाही आवाज घ्या. संवादाच्या फटी भरायला दुसरं काहीच चालत नाही.

पूर्व भागात गल्लीतल्या हाका तेलुगूत असतात. लष्कर किंवा विजापूर वेशीकडे उर्दू जास्त कानावर पडते, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड. मागच्या आवाजातलं एखादं वाक्य चुकीच्या भाषेतलं असलं की बाहेरच्याला कळत नाही, पण हुतात्मा स्मृती मंदिराच्या नाट्यगृहात बसलेला सोलापूरकर लगेच म्हणतो, ‘काय बे, हे कुठलं?’

हाताने करायचे आवाज

बिडीची कात्री शूटिंगच्या वेळी नीट मिळालेली नसते, कारण कॅमेरा लांब होता. ती घरी करा. तेंदूपत्ता भिजवलेला असतो म्हणून तो कापताना करकर नव्हे, मऊ ‘सर्र’ असा आवाज येतो. वाळकं पान घेतलंत तर आवाज खोटा पडेल. पान ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, कात्री जुनी, थोडी सैल घ्या, माइक वीतभर अंतरावर ठेवा आणि व्हिडिओ समोर चालू ठेवून हाताच्या हालचालीबरोबर कापा. खरं तर घरात बिडी वळणारं कुणी असेल तर त्यांनाच कापायला सांगा. त्यांच्या हाताला जी एकसारखी लय असते ती तुमच्या-माझ्या हाताला येणार नाही.

सायकल डबल स्टँडवर लावा, पेडल फिरवा आणि सोडा. फ्री व्हीलची टकटक स्वच्छ मिळते. मडगार्डची खडखड वेगळी घ्या. पावलं, चेन, शटर ही कामं पटापट उरका.

खोलीत घुमणारा आवाज कमी करायला भिंतींवर चादरी लटकवा. सोलापुरी चादर भिंतीला चिकटवून टांगली तर फारसा फरक पडत नाही. दुहेरी करून भिंतीपासून चार बोटं पुढे टांगली तर वरचे सूर बऱ्यापैकी शोषले जातात. घरात गोधडी असेल तर ती आणखी चांगली. पंखा, फ्रिज बंद. मे महिन्यात पंखा बंद करून रेकॉर्डिंग करायचं म्हणजे काय ते सोलापूरकरांना सांगायला नको, म्हणून रात्री उशिरा किंवा पहाटे बसा.

मागावरून लय काढा

आता गणित, पण सोपं. मागाचं रेकॉर्डिंग लावा आणि सॉफ्टवेअरच्या टॅप टेम्पोवर बोटाने ठोके द्या. धोट्याचे साधे माग साधारण मिनिटाला शंभर-सव्वाशे ठोक्यांच्या घरात चालतात. समजा तुमचा १०८ आला.

फिल्मचं नाव ४८व्या सेकंदाला येतंय. १०८च्या लयीत ४८ सेकंदांत ८६.४ ठोके होतात, म्हणजे नाव दोन ठोक्यांच्या मध्ये कुठेतरी पडतं. लय ११० केली तर बरोबर ८८ ठोके होतात. ८८ म्हणजे केरव्याची आठ मात्रांची ११ आवर्तनं. नाव थेट बाराव्या आवर्तनाच्या समेवर येतं. १०८चं रेकॉर्डिंग ११०पर्यंत ताणणं म्हणजे दोन टक्क्यांहून कमी फरक. सूर न बदलता वेग वाढवायची सोय सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये असते आणि एवढ्या फरकाने कानाला काही खटकत नाही.

असाच हिशोब तुमच्या फिल्मसाठी करा: ठोक्यांची संख्या गुणिले ६०, भागिले सेकंद, की लय मिळते. २५ फ्रेमवर काम करत असाल तर मिनिटाला १०० ठोके म्हणजे ठोक्याला बरोबर १५ फ्रेम, आणि १२५ ठोके म्हणजे १२ फ्रेम. एडिटर आधीपासून सोबत असेल तर कट करतानाच या आकड्यांवर करू शकतो.

पण सगळे कट ठोक्यावर पाडू नका. जाहिरात वाटते. नाव, सायकल रस्त्यावर येते तो क्षण, आणि फार तर आणखी एक जागा. बाकी कट ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे पडू देत.

४८व्या सेकंदाला काय करायचं

नाव आलं की बहुतेकांना ‘ढँण्ण’ हवं असतं. मी म्हणेन, तिथे माग थांबवा. ४८ सेकंद जो आवाज एक क्षणही सुटला नाही तो दोन-तीन ठोक्यांत मंदावतो, वीज गेल्यासारखा, आणि काळ्या पडद्यावर फक्त नाव राहतं. मागाच्या शेजारी वाढलेल्या कुणालाही यातलं बळ समजावून सांगावं लागणार नाही, आणि ज्याने माग पाहिलाच नाही तोही सावरून बसतो.

मंदावणं समेच्या आधी सुरू करून समेवर संपवा. नंतरची सहा सेकंद पूर्ण शून्य ठेवू नका. शून्य आवाज आला की लोकांना स्पीकर बिघडल्यासारखं वाटतं. रिकाम्या खोलीचा आवाज, लांबचं कुत्रं, एखादी हाक एवढं राहू द्या.

आता चाल

सायकलच्या भागाला संगीत ५४व्या सेकंदाला सुरू न करता चार-सहा सेकंद थांबून करा. आधी साखळी आणि मडगार्ड ऐकू येऊ द्या.

संगीत येत नसलं तरी चालेल. एक पेटी आणि चार स्वर पुरतात. आधार सा आणि प यांचा धरा, त्यावर चार-पाच स्वरांची एक ओळ करा जी ती मुलगी स्वतः गुणगुणू शकेल. ही कसोटी महत्त्वाची आहे: ओळ तुम्हाला पेटीशिवाय, चालता चालता म्हणता आली पाहिजे. मग पुढे फिल्ममध्ये तीच ओळ ती खरंच गुणगुणते असं करता येतं. पहाट आहे म्हणून भैरव किंवा तोडी मांडायचा मोह टाळा. एकदा राग ओळखू आला की ऐकणाऱ्याला आकाशवाणीची सकाळ आठवते, मुलगी राहते बाजूला.

सूर कुठला घ्यायचा? इथे एक गंमत आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर, जुन्या ट्यूबलाइटचा चोक यांची घरघर १०० हर्ट्झवर असते. पेटीवर पांढरी पाच, म्हणजे जी, तिचा खालचा सूर ९८ हर्ट्झचा. दोन्ही जवळजवळ एक, घरघर किंचित चढी, साधारण ३५ सेंट (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट). म्हणजे पांढरी पाचचा सा घेतला आणि घरघरीचं रेकॉर्डिंग ३५ सेंट खाली उतरवलं की गल्लीतला विजेचा डबा तुमचा तानपुरा होतो. कुणाच्या लक्षात येणार नाही, पण शांततेतून संगीत सुरू होताना सांधा दिसत नाही. पेटी आधी ट्यूनरवर तपासून घ्या. घरातल्या जुन्या पेट्या बऱ्याचदा उतरलेल्या असतात.

ठेक्यासाठी हलगी घ्यायची असेल तर वादकाला दृश्य दाखवा आणि मग बोला. हलगी वरातीत वाजते, जत्रेत वाजते, काही गावांत अंत्ययात्रेतही वाजते, आणि प्रत्येकीचा हात वेगळा असतो. कॉलेजचा मुलगा ‘जोरात वाजवा’ एवढंच सांगतो आणि मग मिळतं ते लग्नाचं. ‘मुलगी सायकलवर आहे, घाई नाही, ११०ची लय आहे’ असं सांगा आणि हेडफोनमधून कानात क्लिक, म्हणजे लयीची टिकटिक, द्या. रेकॉर्ड करताना माइक दोन-तीन मीटर दूर ठेवा. हलगी तापवून कातडं ताणायला वेळ लागतो, थंड झाली की सूर पडतो, तेव्हा तुमची केबल शोधाशोध आधीच उरकलेली असू द्या. जाड काडीने एकदा आणि फक्त बारीक काडीने एकदा असं वाजवून घ्या. मिक्समध्ये बहुधा बारीक काडीवालंच कामी येतं.

पैसे आधी ठरवा आणि त्याच दिवशी द्या. साध्या कागदावर लिहून घ्या: नाव, तारीख, काय वाजवलं, फिल्म कॉलेजात, महोत्सवात आणि इंटरनेटवर दाखवायला परवानगी, किती मानधन दिलं, सही. वादकाच्या वादनावर कायद्याने त्याचा हक्क असतो. मित्राने पेटी वाजवली असली तरी कागद करा.

दुसऱ्याचं संगीत वापरायचंच असेल तर

भारतीय कॉपीराइट कायदा १९५७चा आहे. ध्वनिमुद्रणाला प्रकाशनानंतर ६० वर्षं संरक्षण मिळतं. गीत आणि संगीताला कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे जात्यावरची पारंपरिक ओवी कुणाच्या मालकीची नाही, पण कुणीतरी गाऊन काढलेलं तिचं रेकॉर्डिंग असू शकतं. आजीकडून ती ओवी गाऊन घ्या, प्रश्न मिटला.

वर्गात शिक्षक, विद्यार्थी, पालक यांच्यापुरतं दाखवणं आणि फिल्म महोत्सवाला पाठवणं किंवा यूट्यूबवर टाकणं यांत कायद्याच्या नजरेने मोठा फरक आहे. ‘शिक्षणासाठी आहे’ हे वाक्य वर्गाबाहेर ढाल म्हणून चालत नाही. तिकडे यूट्यूबचं कंटेंट आयडी यंत्र कुणाचा हेतू विचारत नाही, जुळलं की दावा लावतं.

क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे कर्त्याने काही अटींवर सगळ्यांना वापरायला दिलेल्या, संगीतातही एक खाच आहे आणि ती फारसं कुणी वाचत नाही. परवान्यात ‘एनडी’ (रूपांतराला मनाई) असेल तर ते संगीत फिल्मला लावताच येत नाही, कारण हलत्या चित्राशी संगीत जुळवणं म्हणजे त्या परवान्यांच्या भाषेत नवी रूपांतरित कृती. ‘एसए’ असेल तर तुमची फिल्मही त्याच परवान्याखाली द्यावी लागते. ‘एनसी’ म्हणजे पैसे कमवायचे नाहीत. निर्धोक दोनच: ‘सीसी झीरो’, ज्यात कर्त्याने सगळे हक्क सोडलेले असतात, आणि नुसतं ‘बीवाय’, ज्यात श्रेय दिलं की झालं. फ्रीसाउंड या वेबसाइटवर आवाज घेताना प्रत्येक फाइलचा परवाना वेगळा असतो, तो तिथल्या तिथे वहीत उतरवा. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं संगीत वापरता येतं, पण तेच संगीत हजारो व्हिडिओंत ऐकलेलं असतं.

सोलापुरात याचा एक वेगळाच फटका बसतो. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत किंवा गणपतीत लेझीमचं रेकॉर्डिंग करायला जाता, आणि मागे कुठल्यातरी स्टॉलवर सिनेमातलं गाणं जोरात चालू असतं. ते रेकॉर्डिंग कितीही जिवंत असलं तरी नेटवर अडकेल. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत स्पीकरपासून लांबचा टप्पा निवडा आणि घरी येऊन हेडफोनवर शेवटपर्यंत ऐका.

मिक्स

ट्रॅकचे चार गट करा: संवाद, जागेचे आवाज, हाताने केलेले आवाज, संगीत. सगळं खाली ओढा आणि याच क्रमाने एकेक वर आणा. ओपनिंगमध्ये संवाद शेवटालाच असला तरी पातळी त्यावरूनच ठरते. पहिलं वाक्य आरामात ऐकू येईल अशी जागा पकडा आणि माग त्यापेक्षा थोडाच मोठा ठेवा. खऱ्या कारखान्याइतका मोठा केलात तर प्रेक्षक कानावर हात ठेवेल.

संवाद आणि हाताने केलेल्या आवाजांवर ८० हर्ट्झच्या खाली कापणारा फिल्टर लावा. गाड्यांची गडगड आणि हाताळणीची धडधड जाते. मागावर मात्र लावू नका, त्याचं वजन तिथेच आहे, आणि घरघरीला तर अजिबात नको. कात्री ऐकू येत नसेल तर कात्री मोठी करण्याआधी मागाचे ३ ते ५ किलोहर्ट्झचे सूर जरा दाबून बघा. दोघांची भांडणं तिथेच असतात.

काळ्या पडद्याचे पहिले आठ सेकंद: आवाज शून्यातून हळूहळू वर आणू नका, तो लांबूनच पण स्पष्ट सुरू होऊ द्या. घरात शिरताना भिंतीपलीकडचं रेकॉर्डिंग कटच्या थोडं आधी यायला लागतं. आणि शेवटी, १:५०च्या संवादाची पहिली दोन अक्षरं किंवा त्या जागेचा गलका चित्राच्या अर्धा सेकंद आधी ऐकवा. संगीत तिथे कापायची गरज उरत नाही, ते आपोआप झाकलं जातं. संवादाखाली संगीत ठेवायचं असेल तर बोलण्यापेक्षा पंधरा डेसिबल खाली ठेवून सुरुवात करा, मग कानाने ठरवा.

रिव्हर्बचा, म्हणजे वरून घातलेल्या घुमाऱ्याचा, हात आखडता ठेवा. पत्र्याच्या शेडमधला आवाज, पत्र्याच्याच शेडमध्ये घेतला असेल तर, त्यात आणखी काही घालायला नको.

तपासणी आणि फाइल देणं

मिक्स झाल्यावर एक रात्र सोडा. मग मोबाइलच्या स्पीकरवर ऐका. २००-३०० हर्ट्झच्या खालचं तिथे जवळजवळ नाहीसं होतं. घरघर ऐकू येणार नाही, ढोल वापरला असेल तर तो गायब होईल. हरकत नाही, पण चाल आणि कात्री शिल्लक राहिली पाहिजे. नंतर स्टिरिओचं मोनो करून ऐका. एखादा आवाज एकदम बारीक झाला तर त्याचे डावे-उजवे एकमेकांना खातायत; त्याची एकच बाजू वापरा. जमलं तर कॉलेजच्या ज्या हॉलमध्ये स्क्रीनिंग आहे तिथेच एकदा लावून बघा. अशा हॉलमध्ये खालचे सूर फुगतात आणि शब्द विरघळतात. तिथे मागाचा आवाज दोन-तीन डेसिबल उतरवावा लागला तर त्या स्क्रीनिंगसाठी वेगळी फाइल करा, मूळ मिक्सला हात लावू नका.

यूट्यूबसाठी एकूण पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) आसपास, सर्वोच्च शिखर उणे १ डेसिबल. महोत्सवांची मागणी वेगवेगळी असते; नियम वाचून त्याप्रमाणे करा.

एडिटरला द्यायचं ते असं: पीपसकट पूर्ण मिक्सची वेव्ह फाइल, आणि चारही गट वेगळे, सगळ्या फायली एकाच लांबीच्या. संवाद वेगळा असला की उद्या कुणी तेलुगूत किंवा कन्नडमध्ये डब करायचं म्हटलं तर बाकी सगळं तसंच वापरता येतं. फाइलच्या नावात फिल्म, तारीख आणि फ्रेम रेट लिहा. ‘फायनल फायनल नवीन’ असलं काही नको. सोबत श्रेयनामावलीची यादी द्या: हलगी, पेटी, आवाज कुठल्या कारखान्यात घेतले, कात्री कुणी चालवली. नावांचं स्पेलिंग ज्याचं त्यालाच विचारून लिहा. पूर्व भागातली आडनावं अंदाजाने लिहिली की हमखास चुकतात.